बाळंतीण सुखरूप आहे, म्हणजे नेमकी कशी आहे?

सिझेरियननंतरच्या दिवसांविषयी वाचकांकडून मागवलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक प्रश्न टाके, दूध आणि पथ्यपाणी यांविषयीचे होते. काही पत्रांत मात्र प्रश्नापेक्षा मनातली खंत अधिक होती, आणि त्यांतलेच एक पत्र आम्ही आधी घेतले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : महिन्यापूर्वी माझे सिझेरियन झाले. रात्रभर कळा सोसल्यावर पहाटे ‘बाळाचे ठोके कमी होत आहेत’ एवढेच मला सांगण्यात आले, बाहेर यजमानांची सही घेतली आणि मला आत नेले. बाळ छान आहे, टाके सुकले आहेत, रुग्णालय स्वच्छ होते आणि माझ्याशी कोणी वाईट वागले नाही. घरी निघताना दिलेल्या फॉर्मवर मी सगळीकडे ‘उत्तम’ अशी खूण केली. तरीही ती पहाट आठवली की डोळे भरून येतात. सासूबाई म्हणतात, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, आणखी काय पाहिजे? मी कृतघ्न आहे का? — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही, मुळीच नाही. सासूबाईंचे म्हणणेही खोटे नाही. त्यांच्या पिढीने बाळंतपणात दगावलेल्या बायका पाहिल्या आहेत आणि ‘सुखरूप’ या शब्दाची किंमत त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण जीव वाचला याचे समाधान आणि आपल्याला कसे वागवले गेले याचे समाधान या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि एक मिळाली म्हणून दुसरीची उणीव भासू नये, असा काही नियम नाही.

एलेन हॉडनेट या संशोधिकेने २००२ साली बाळंतपणाच्या अनुभवावरील तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. बाई आपल्या बाळंतपणाविषयी समाधानी आहे की नाही, हे मुख्यतः चार गोष्टींवर ठरते असे त्यात दिसले : तिच्या मनातल्या अपेक्षा, सेवा देणाऱ्यांकडून मिळालेला आधार, त्यांच्याशी जुळलेले नाते आणि निर्णयात तिला मिळालेला वाटा. वेदना, वय, आर्थिक स्थिती या गोष्टींचा प्रभाव त्या चारांपुढे फिका पडला. तुमच्या पत्रात वेदनेची तक्रार एका शब्दानेही नाही. तक्रार आहे ती ‘एवढेच सांगण्यात आले’ याची आणि ‘बाहेर’ झालेल्या सहीची. न ठरवता, ऐन वेळी झालेल्या सिझेरियननंतर ही भावना अधिक आढळते. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत मनाची तयारी करायला निदान काही दिवस मिळतात. तुम्हाला काही मिनिटेच मिळाली.

सहीविषयी स्पष्ट सांगायला हवे. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णावर उपचार करायचे तर संमती तिचीच लागते, नातेवाइकाची संमती तिची जागा घेऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात म्हटले आहे. नवऱ्याची सही घेणे हा आपल्याकडचा रिवाज आहे आणि तो घरच्यांना विश्वासात घेण्यासाठी असेल तर त्यात वावगे काही नाही. पण कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी दोन मिनिटे उभे राहून ‘ठोके असे असे उतरत आहेत, थांबलो तर हा धोका आहे, म्हणून सिझर करायचे म्हणते, तुमची हरकत नाही ना?’ असे विचारायला घाईतही वेळ मिळतो. मी स्वतः प्रसूतिकक्षात काम करते, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करते. कोल्हापूर संस्थानाने १८८६ साली आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागासाठी डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली होती. त्या रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले. बाईला आपले दुखणे मोकळेपणाने बोलता यावे ही गरज या शहरात कुणाला तरी तेव्हाही जाणवली होती. आज स्त्री डॉक्टरांची वाण नाही, वाण आहे ती त्या दोन मिनिटांची.

आता त्या ‘उत्तम’विषयी. घरी निघताना, हातात धडधाकट बाळ असताना आणि ज्यांनी ते दिले त्या सिस्टर समोर उभ्या असताना बहुतेक बायका असेच लिहितात. जे वाट्याला आले तेच सर्वांत चांगले असणार, असे मानण्याकडे गरोदर स्त्रियांचा कल असतो, हे पोर्टर आणि मॅकिंटायर या संशोधकांनी १९८४ सालीच नोंदवले होते. केंद्र शासनाच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात (हा डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाला) प्रसूतिकक्ष आणि प्रसूतीच्या शस्त्रक्रियागृहाच्या दर्जाबरोबर किमान ८० टक्के लाभार्थी समाधानी असावेत, असेही उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट चांगले आहे. परंतु ‘समाधानी आहात का?’ हा प्रश्न कधी, कुठे आणि कोणी विचारला यावर उत्तर फार बदलते, आणि निघण्याच्या घाईत भरलेल्या कागदावर मी तरी फारसा भरवसा ठेवत नाही.

त्यापेक्षा मला दुसरी पद्धत उपयोगाची वाटते. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांनी २०१९ साली सिझेरियननंतरची प्रकृती मोजण्यासाठी अकरा प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते दहा गुण. वेदना, मळमळ, चक्कर, थंडी वाजणे हे त्यात आहेच. पण मदतीशिवाय चालता येते का, बाळाला एकटीने उचलून धरता येते का, एकटीने पाजता येते का, स्वतःची स्वच्छता स्वतः करता येते का आणि परिस्थिती आपल्या ताब्यात आहे असे वाटते का, हेही विचारलेले आहे. शेवटचा प्रश्न पुन्हा वाचा. तुमचे टाके सुकले आहेत, पण या प्रश्नाला तुम्ही आज किती गुण द्याल, हे पाहण्यासारखे आहे.

करायचे काय? त्याच डॉक्टरांची वेळ घ्या, बाळ कुणाकडे तरी सोपवून जा आणि सरळ विचारा : ठोके किती झाले होते, किती वेळ तसे राहिले, गर्भाशयाचे तोंड किती उघडले होते, थांबणे शक्य होते का? तक्रारीच्या सुरात विचारण्याची गरज नाही. समजून घेण्यासाठी विचारत आहात, हे डॉक्टरांना कळते. वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत उपचारांची कागदपत्रे द्यावी लागतात, तेव्हा शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रतही मागून घ्या. तो कागद पुढेही लागणार आहे, आणि का ते शेवटच्या उत्तरात आले आहे.

आणखी एक गोष्ट. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणे हे पुष्कळ जणींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. तुम्हाला महिना झाला आहे. ती आठवण सोडता दिवस बरा जात असेल तर काळजी नको. पण बाळ झोपले असतानाही झोप न येणे, कशातच मन न लागणे, बाळाविषयी काहीच न वाटणे किंवा सतत भीती वाटणे असे असेल तर ते आजारपण आहे, त्यावर उपचार आहेत आणि स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधेही आहेत. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार एकदा जरी मनात आला, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टर गाठा.

प्रश्न : लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे. सिझर होऊन आठ दिवस झाले. टाके पिकतील म्हणून आम्ही तिला भात, दही, आंबट काही देत नाही, पाणीही बेताचेच देतो. शेक-शेगडी, पोट बांधणे, तेल लावणे यातले काय करावे? मटणाचे अळणी दिले तर चालेल का? — एक आई, कागल

उत्तर : पाण्यापासून सुरुवात करते, कारण त्यातच सर्वांत जास्त नुकसान होते. ओल्या बाळंतिणीने पाणी प्यायले की पोट सुटते किंवा अंगात वात भरतो, हा समज जुना आहे, पण त्याला आधार नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते, आणि पाणी तोडले तर शौचाला खडा होऊन कुंथावे लागते, त्याचा ताण नेमका टाक्यांवर येतो. लघवीची जळजळ सुरू होते ती वेगळीच. प्रत्येक वेळी पाजायला बसताना शेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवा आणि ती मागेल तेवढे पिऊ द्या.

भाताने किंवा दह्याने टाके पिकत नाहीत. जखमेत पू होतो तो जंतूंमुळे. रक्त कमी असणे, मधुमेह, स्थूलपणा, कळा येऊन फार वेळ गेल्यानंतर झालेले सिझर आणि ओलसर राहणारी जखम यांमुळे त्याचा धोका वाढतो. लिंबू, आवळा, ताक हे खुशाल द्या. लिंबाने तर जेवणातले लोह अंगी लागायला मदत होते. जखम भरायची तर प्रथिने हवीत, तेव्हा अळणी जरूर द्या. मात्र आपल्याकडे पुष्कळ घरांत बाळंतिणीच्या वाट्याला वाटीभर रस्सा येतो आणि फोडी इतरांच्या ताटात जातात. रश्श्यात चव आणि ऊब असते, प्रथिने असतात ती फोडीत. शाकाहारी दिवशी डाळ, उसळ, दूध, पनीर आहेच. डिंकाचा लाडू, अळिवाची खीर हे चांगले पदार्थ आहेत. फक्त पुरणपोळीसारखे तूप ओतून तिला दिवसभर आग्रह करू नका, आणि गरोदरपणात साखर वाढली असेल तर लाडवांना डॉक्टरांना विचारूनच हात लावा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या शासकीय सूचनेप्रमाणे बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या दोन्ही एकाच वेळी देऊ नयेत, एक दुसरीला अंगी लागू देत नाही.

शेगडीविषयी मी जरा कडकपणे सांगते. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत बाजेखाली निखारे ठेवून ओवा-शेपाची धुरी देणे बाळाच्या छातीला घातक आहे, आणि बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचून जीवही जाऊ शकतो. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी कंबरेला द्या, टाक्यांवर नको, कारण जखमेच्या आसपासची कातडी काही महिने बधिर राहते आणि भाजले तरी कळत नाही. पोट सैलसर बांधायला हरकत नाही. त्याने पोट आत जाते असे मात्र नाही, पण उठता-बसताना आधार वाटतो आणि दुखणे थोडे कमी होते, झोपताना सोडा. तेल पाठीला, पायांना लावा. पोट चोळू देऊ नका. मालिश करणारी बाई कितीही जाणती असली तरी दीड महिना पोटाला हात नको.

अंघोळ रोज करू द्या. टाक्यांवरून साबणाचे पाणी वाहून गेले तरी चालते, घासायचे नाही. नंतर स्वच्छ कापडाने टिपून जागा कोरडी करायची. पोटाची वळी टाक्यांवर येत असेल तर ती उचलून आतपर्यंत टिपा. त्या घडीतला घाम हाच पुष्कळदा टाके चिघळण्याचे कारण असतो. हळद, राख, खोबरेल यांपैकी काहीही जखमेवर लावू नका. बाळालाही मध, गुटी, वरचे पाणी नको. सहा महिने फक्त अंगावरचे दूध.

प्रश्न : पत्नीचे सिझेरियन होऊन तीन दिवस झाले आहेत. दुधातून बाळाला जाईल म्हणून ती दुखण्याची गोळी घेत नाही, आणि दुखते म्हणून उठत नाही. मी काय करावे? — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : तिला गोळी घ्यायला लावा, तीही दुखून असह्य होण्याची वाट न पाहता, लिहून दिलेल्या वेळेला. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधे दुधात अगदी अल्प उतरतात आणि पाजणाऱ्या आईला सर्रास दिली जातात. तिला दमा, मूत्रपिंडाचा त्रास किंवा पोटात अल्सर असेल तर तेवढे डॉक्टरांना आठवणीने सांगा. वेदना गिळून बाळाचे भले होत नाही. उलट वेदनेने आखडून बसलेल्या बाईला नीट पाजता येत नाही.

सिझेरियननंतरची शुश्रूषा गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलली आहे. पूर्वी वारा सरेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घालत नसत आणि दोन-दोन दिवस झोपवून ठेवत. आता शस्त्रक्रियेनंतर लवकर बरे होण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत दोन तासांत खायला द्यावे, लघवीची नळी लवकर काढावी आणि बाईला लवकर चालते करावे असे सांगितले आहे. सगळीकडे हे तंतोतंत होत नाही, पण दिशा तीच आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर रक्ताला गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, सिझेरियनने ती आणखी वाढते, आणि पोटरीत धरलेली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते; चालवतात ते यासाठी.

उठवायचे कसे, ते नीट करा. सरळ पाठीवरून हात धरून ओढू नका. त्याने सगळा जोर टाक्यांवर जातो. आधी तिला गुडघे दुमडायला सांगा, मग खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर घ्या. पाय कॉटखाली सोडले की त्यांच्या वजनानेच धड वर येऊ लागते. तेव्हा तिने खालच्या कोपरावर आणि वरच्या तळहातावर भार देऊन बसावे. क्षणभर तशीच बसू द्या, चक्कर नाही याची खात्री झाल्यावर उभे करा. खोकला किंवा शिंक येणार असे वाटले की उशी टाक्यांवर दाबून धरायची. पाजताना बाळ मांडीवर आडवे घेतले तर त्याच्या लाथा टाक्यांना लागतात. म्हणून बाजूला उशी ठेवून बाळाचे पाय आईच्या काखेखालून मागे जातील असे धरा, किंवा कुशीवर निजून पाजू द्या. रात्री बाळ उचलून तिच्या हातात देणे, लंगोट बदलणे आणि पाहुण्यांना दारातूनच परत पाठवणे ही कामे तुमची. शेवटचे सर्वांत अवघड आहे, हे मी जाणते.

प्रश्न : सिझरच्या वेळी भुलीसाठी कंबरेत दिलेल्या इंजेक्शनामुळे आयुष्यभर कंबर दुखते का? — एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : नाही. इंजेक्शनची जागा काही दिवस हुळहुळते, इतकेच. पुढची कंबरदुखी बहुधा सैल झालेले सांधे, वाकून पाजणे आणि दिवसभर कडेवर घेतलेले बाळ यांची असते. बसले की कपाळ-मान ठणकते आणि आडवे झाले की थांबते अशी डोकेदुखी पहिल्या आठवड्यात सुरू झाली, तर ती मात्र या इंजेक्शनची असू शकते. भूलतज्ज्ञांना कळवा, तिच्यावर उपाय आहे.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. सिझरची बाई घरी आल्यावर भेटीला जाते तेव्हा घरातले सगळे बाळाचे वजन विचारतात. बाईकडे पाहायला वेळच उरत नाही. नेमके काय पाहू? — शिरोळ तालुका

उत्तर : प्रश्न तुम्ही अचूक धरला आहे. सिझेरियनमध्ये तुमच्या भेटी सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत असतात, आणि दुखणी उभी राहतात ती बहुतेक याच काळात. बाळाचे वजन झाले की घरच्यांना बाहेर बसवून बाईशी एकटीशी बोला. तास-दोन तासांतच घडी पूर्ण भिजण्याइतके रक्त जाते का, अंगावरून जाण्याला घाण वास आहे का, ताप १००.४ अंशांच्या वर जातो का, टाके लाल, गरम, पाझरणारे आहेत का, हे विचारा आणि टाके स्वतः डोळ्यांनी पाहा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, धाप लागत असेल, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर १०८ ला फोन करा. गरोदरपणात रक्तदाब कधी वाढला नव्हता अशा बाईलाही बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तो वाढून झटके येऊ शकतात. ‘डोकं दुखतंय, जागरण झालंय’ म्हणून ते सोडून देऊ नका. रक्तदाब मोजून घ्या.

आणि बाया ज्या सांगत नाहीत त्या दोन गोष्टी आपण होऊन विचारा : खोकताना लघवी सुटते का, आणि रात्री रडू येते का.

शासकीय रुग्णालयात सिझर झालेल्या बाईला जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (हा जून २०११ पासून आहे) शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, सात दिवसांपर्यंतचा आहार आणि घरापर्यंतची गाडी मोफत मिळते. सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे या शासकीय रुग्णालयात) नेलेल्या बाईच्या घरच्यांना हे आधीच सांगून ठेवले तर तिसऱ्या दिवशी घरी न्यायची घाई होत नाही.

प्रश्न : पहिले सिझर म्हणजे दुसरेही सिझरच का? आणि स्कूटर कधी चालवू? — एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : तसे नाही. गर्भाशयावरचा छेद खालच्या भागात आडवा घेतलेला असेल, पहिल्या वेळचे कारण पुन्हा उद्भवण्यासारखे नसेल आणि तातडीने शस्त्रक्रिया करण्याची सोय हाताशी असेल, तर प्रयत्न करणाऱ्या दर दहा जणींपैकी साधारण सहा ते आठ जणींचे बाळंतपण नैसर्गिक होते. जुना छेद उसवण्याचा धोका दोनशे जणींत सुमारे एकीला असतो. तो लहान आहे, पण उसवला तर आई आणि बाळ दोघांनाही गंभीर, म्हणून असे बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करावे. बाहेरच्या टाक्यांवरून आतला छेद कसा होता हे कळत नाही. ते फक्त शस्त्रक्रियेच्या नोंदीत असते, आणि दोन-तीन वर्षांनी ती शोधत बसण्यापेक्षा आताच प्रत घेऊन बाळाच्या लसीकरण कार्डाबरोबर ठेवावी. दोन वर्षे तरी पुन्हा दिवस राहू देऊ नयेत. महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांत एक सिझेरियन होते (२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २५.४ टक्के), तेव्हा हा प्रश्न पुष्कळ घरांतला आहे.

स्कूटरसाठी ठराविक दिवस सांगता येत नाही. सहसा चार ते सहा आठवडे लागतात. गाडी बंद असताना सीटवर बसा, जोरात ब्रेक दाबा, पाय एकदम टेकवा आणि मान वळवून मागे पाहा. यात कुठेही पोटात कळ आली तर अजून आठवडाभर रिक्षाने जा.